घरच्या ड्राइव्हवेवर १९४३ चा बेडफर्ड : मिलिटरी ट्रक उभा करतोय (मदत हवीये, टोमणेही चालतील)

खटपट्या_लुटन

मंडळी, घेतला एकदाचा. बायको आधी म्हणाली तो ट्रक दारात आला तर मी माहेरी, मग स्वतःच टेप घेऊन ड्राइव्हवे मोजून आली आणि म्हणाली बसतोय, फक्त शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकवू नकोस. याला परवानगी म्हणतात असं धरून चाललोय.

गाडी म्हणजे बेडफर्ड एमडब्ल्यू. ब्रिटिश आर्मीचा १५ हंड्रेडवेटचा ट्रक, आपल्या हिशेबात पाऊण टन माल नेणारा. फोर बाय टू (चार चाकं, जोर मागच्या दोनांवर), साडेतीन लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, ७२ हॉर्सपॉवर. १९३९ ते ४५ मध्ये असे ६५ हजाराच्या वर बनले. लांबीला साधारण साडेचौदा फूट, म्हणजे आजकालच्या मोठ्या एसयूव्हीपेक्षा लहानच, पण नाक एवढं रुंद आणि चपटं की समोरून बघितलं तर वाटतं कुणीतरी वर बसलंय. माझ्याला दरवाजे आणि अख्खी पुढची काच आहे म्हणजे उत्तरार्धातला. सुरुवातीच्या गाड्यांना दरवाजाच्या जागी कॅनव्हास आणि समोर दोन छोट्या काचा असायच्या, इथल्या जानेवारीत त्या ड्रायव्हरचं काय होत असेल देव जाणे.

गंमत म्हणजे मी राहतो इंग्लंडातल्या लुटनला आणि हा बनलाही लुटनलाच. व्हॉक्सहॉल इथे १९०५ पासून, १९२५ ला जनरल मोटर्सने घेतली, १९३१ पासून ट्रकना बेडफर्ड नाव लागलं. युद्धात चर्चिल रणगाडेही याच लोकांनी बनवले. २००२ ला इथे कार बनणं थांबलं आणि उरलेला व्हॅनचा प्लांट पण मार्च २०२५ मध्ये बंद झाला. कामावर जाताना रोज त्या बाजूने जायचो, तेव्हापासून डोक्यात किडा होता की इथली एक तरी गाडी आपल्याकडे पाहिजे.

आता अवस्था. लिंकनशरच्या एका शेतावरच्या शेडमधून उचलला. इंजिन जाम. केबिनचा फ्लोअर गेलाय, बसल्यावर खालचं गवत दिसतं. मागची मूळ लाकडी बॉडी नाहीच, त्या जागी हार्वे फ्रॉस्टची हाताने फिरवायची क्रेन बसवलीये कारण आर्मीने विकल्यावर हा एका गॅरेजचा ब्रेकडाऊन ट्रक (बंद पडलेल्या गाड्या ओढणारा) झाला. त्या काळात सगळीकडे हेच झालं, स्वस्तात मिलिटरीचा ट्रक घ्यायचा आणि पाठीवर क्रेन ठोकायची. चाकं चार आहेत, त्यातल्या दोनात हवा आहे, कुठल्या साली भरली ते विचारू नका.

तर प्रश्न असे की इंजिन जागेवरच सोडवायचा प्रयत्न करू का सरळ बाहेर काढू, टायर कुठून सुरू करू, रंग कुठला द्यायचा आणि मुख्य म्हणजे ती क्रेन ठेवायची का काढायची. फोटो खाली देतोय.

नगरी_भेळ

फोटो दिसत नाहीत.

कोकणातला_बगळा

फोटो दिसत नाहीत +१. बाकी अभिनंदन, वहिनींना सलाम.

खटपट्या_लुटन

लिंक बदलली, आता बघा.

नगरी_भेळ

दिसले. अहो हा ट्रक नाही, हा ट्रकचा पंचनामा आहे. पण क्रेन लय भारी.

वर्कशॉपकाका

खटपट्या, मी ईएमईतून (आर्मीच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) रिटायर झालो, खडकीला वर्कशॉपला बरीच वर्षं काढली. बेडफर्ड माझ्या वेळेपर्यंत संपलेले, आम्ही शक्तिमान आणि निस्सान वन टन या आर्मीच्या ट्रकांवर हात काळे केले, पण आमच्या उस्तादांची पिढी ब्रिटिश गाड्यांवर शिकलेली त्यामुळे त्यांच्या शिव्या ऐकत थोडं कानावर आहे. इंजिन, रंग, क्रेन सगळं नंतर. आधी चाकं.

तुझ्या फोटोत नीट बघ, चाक दोन भागांचं आहे, दोन तबकड्या एकमेकींना बोल्टने जोडलेल्या. याला डिव्हायडेड रिम म्हणतात. तिथे नटांची दोन वर्तुळं असतात. एक वर्तुळ चाक हबला धरतं आणि दुसरं त्या दोन तबकड्यांना एकत्र धरतं. गाडीवरून चाक काढायला पहिलं वर्तुळ सोडवायचं. दुसऱ्याला टायरमध्ये हवा असताना पाना लावला तर रिम फाकते आणि अर्धी तबकडी तोंडावर येते, माणूस जागेवर जातो. म्हणून आर्मीत त्या नटांना लाल रंग मारायचे. तुझ्या गाडीवर सत्तर वर्षांचा गंज आहे, लाल का काळा काही दिसणार नाही, तेव्हा सगळेच नट लाल समज. आधी व्हॉल्व्हची पिन काढ, सगळी हवा जाऊ दे, पिन परत लावू नकोस, मग चाक काढ. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवून लांब नळीने भरायची, स्वतः बाजूला उभं राहायचं, समोर नाही. तुमच्या तिथे शेतीच्या ट्रॅक्टरचे टायरवाले असतील त्यांच्याकडे पिंजरा मिळेल.

दुसरं, ब्रेक ड्रम उघडशील तेव्हा आतली धूळ फुंकू नको. एअर मारायची तर बातच सोड. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, क्लच प्लेटमध्ये पण आणि एक्झॉस्टच्या पॅकिंगमध्ये पण. ओलं करून पुसायचं, फडकी पिशवीत बांधून वेगळी टाकायची.

तिसरं, डॅशबोर्डचे काटे अंधारात चमकणारे असतील तर त्यात रेडियम असू शकतं. आता चमकत नसेल तरी रेडियम तिथेच असतं, चमकणारा मसाला मरतो पण किरण मरत नाहीत. मीटर उघडून खरवडायच्या भानगडीत पडू नको, पोरंबाळं आहेत ना घरात?

खटपट्या_लुटन

काका, दंडवत. मी उद्या सकाळी पहिलं काम चाकांचंच करणार होतो आणि सगळे नट सरसकट सैल करणार होतो, तुमचा प्रतिसाद योग्य वेळी आला. पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला मीटरपासून लांब ठेवतो, तिला तसंही फक्त क्रेनचं हँडल फिरवण्यात रस आहे.

पेट्रोलपंपावरचा_पंप्या

काय खर्च येणार अंदाजे? यात दोन फॉर्च्युनर आल्या असत्या राव.

खटपट्या_लुटन

फॉर्च्युनर घेऊन रविवारी दुपारी करायचं काय?

शेवटची_एसटी

बेडफर्ड म्हटल्यावर मी धाग्यात येणारच होतो. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हाच्या ताफ्यात बेडफर्ड होत्या, लाकडी बॉडी आणि काथ्याच्या सीटा. त्याच वेळी शेवरोले, फोर्ड, मॉरिस कमर्शिअल, अल्बियन, लेलँड, कॉमर अशा दहा मेकच्या बस होत्या म्हणे, स्टोअरकीपरचं डोकं फिरलं असेल. बेडफर्ड आपल्याकडे पुढे बरीच वर्षं हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाऱ्याला बनवल्या त्या वेगळ्या. आणि जनरल मोटर्सचा शिवडीला असेंब्ली प्लांट होता, १९२८ ते ५४, म्हणजे लुटनच्या भावकीतलं एक घर मुंबईतही होतं.

आमच्या आजोबांकडे युद्धानंतर डिस्पोजलमधून घेतलेला ट्रक होता, पण तो कॅनडात बनलेला शेवरोले, चपट्या तोंडाचा. इंग्रज जाताना असे ढिगाने सोडून गेले. ऊस, लाकूड, वाळू, लग्नाचं वऱ्हाड, काय नाही वाहिलं त्याने. कुणी जपला नाही, चालेनासा झाला तसा भंगारात गेला. तेव्हा तुझ्या क्रेनवाल्या ट्रकची गोष्ट इंग्लंडची असली तरी ओळखीची वाटली.

नगरी_भेळ

नगरला कोणी आलात तर कॅव्हलरी टँक म्युझियम बघा. व्हॅलेंटाइन, मॅटिल्डा, चर्चिल सगळे उभे आहेत. लुटनकरांचा चर्चिल तिकडे उन्हात तापतोय.

स्वाती_यॉर्क

रंगाबद्दल लिहिते, माझं कामच ते आहे. (जुन्या वस्तूंचं कॉन्झर्व्हेशन, पण लाकडी फर्निचर जास्त.) कृपा करून लगेच सँडब्लास्टिंग करून टाकू नका. बहुतेक लोक ट्रक आणला की आधी ब्लास्टिंगला पाठवतात, चकचकीत पत्रा मिळतो आणि गाडीचा सगळा इतिहास त्या यार्डात झाडून टाकला जातो.

बॉनेटची बाजू, दरवाजाच्या आतला भाग, सीटखालचा भाग, अशा दोन-तीन जागा निवडा. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर पाणी लावून बारीक पॉलिश पेपर गोल गोल फिरवा, आधी ६०० मग १०००. मध्ये खोल जायचं आणि कडेला कमी. वर्तुळात कांद्याच्या चकतीसारखी एकेका रंगाची कडी उघडी पडतात, सर्वात बाहेरचं कडं म्हणजे शेवटचा रंग, मधोमध प्रायमर. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून ओलंच घासायचं, सुकं नाही, आणि मास्क. मग दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि इथे टाका.

बॉनेटच्या दोन्ही बाजूंना आर्मीचा नंबर असतो पांढऱ्या अक्षरात. तिथे फारच हळू घासा. १५ हंड्रेडवेट आणि त्याखालच्या ट्रकना झेड अक्षर असायचं, मोठ्या लॉरीला एल, मोटरसायकलला सी, अ‍ॅम्ब्युलन्सला ए. तुमचा झेडने सुरू झाला पाहिजे.

कोकणातला_बगळा

वाचतोय. अशा धाग्यांसाठीच इथे येतो नाहीतर राजकारणाने वीट आणलाय.

खटपट्या_लुटन

अपडेट. थोडं मोठं आहे, चहा घेऊन बसा.

आधी इंजिन. सगळे प्लग काढले, सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं करून ओतलं आणि तसंच ठेवलं. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एका आजोबांनी सांगितलं होतं की पुढचं हँडल घालून त्यावर उभा राहू नकोस, जाम झालेल्या इंजिनवर जोर लावला तर रिंगा मोडतात नाहीतर पिस्टन. त्याऐवजी बेलहाउसिंगच्या (क्लचवरचं कवच) झाकणातून फ्लायव्हीलच्या दातात पहार लावायची आणि पुढे-मागे, पुढे-मागे, नुसता हेलकावा द्यायचा. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की कपडे न बदलता आधी दहा मिनिटं तेच. बरेच दिवस काहीच नाही. मग एकदा पहार किंचित गेली असं वाटलं, खडूने खूण केली, दुसऱ्या दिवशी खूण अर्धा दात सरकलेली. त्यानंतर दोन दिवसात पूर्ण फेरा.

हेड काढलं तर चार सिलिंडर चांगले, दोनच गंजलेले. कारण पण दिसलं, गाडी उभी राहिली तेव्हा त्या दोघांचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे होते, तिथून इतकी वर्षं दमट हवा आत जात राहिली. बाकीच्यांचे बंद नाहीतर जेमतेम उघडे होते म्हणून वाचले. सगळा नशिबाचा भाग, इंजिन एखादा पाव फेरा पुढे थांबलं असतं तर गंजायला दुसरेच दोन मिळाले असते. होन (सिलिंडर आतून घासायचं हत्यार) फिरवून बघितलं, खड्डे वरच्या टोकाला आहेत, रिंग जाते तिथे बऱ्यापैकी साफ. नव्या रिंगा टाकणार, बोअरिंग सध्या नाही.

सम्प (इंजिनखालची तेलाची टाकी) खोलला तर तळाला काळा गाळ, बोटभर जाड, चिकट. पूर्वीच्या तेलात डिटर्जंट नसायचं त्यामुळे घाण तेलात फिरत नव्हती, तळाला बसत होती. असल्या इंजिनात सम्प न उघडता आजचं मल्टिग्रेड ओतलं तर तो गाळ सुटून सगळ्या नळ्या बंद करतो. आता साफ केल्यावर साधं एसएई ३० टाकेन.

ब्लॉकला तडा नाही हे सगळ्यात मोठं नशीब. इथे थंडीत साधं पाणी ठेवून गाडी उभी केली की पाण्याचा बर्फ होतो आणि ब्लॉक फुटतो, कितीतरी जुनी इंजिनं तशीच मेली. माझ्याकडे फक्त दोन कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) बाहेर आलेत.

आता स्वातीताईंचं नाणं. केलं. फोटो बघा. बाहेरून आत, गॅरेजवाल्याचा निळा, त्याखाली गडद चकचकीत हिरवा, त्याखाली मळका ऑलिव्ह, मग चॉकलेटी, मग प्रायमर. आणि बॉनेटच्या डाव्या बाजूला झेड दिसलाय!! पुढचे चार आकडे पण आलेत, शेवटचे तिथे वेल्डिंगने गेलेत. पोरगीने झेड बघितल्यावर सगळ्या शाळेला सांगितलंय.

स्वाती_यॉर्क

वा! अगदी क्रमाने आहे. चॉकलेटी म्हणजे आर्मीच्या रंगांच्या यादीतला एससीसी २, कारखान्यातून निघतानाचा. युद्धात हिरव्या रंगासाठी लागणारं क्रोमियम ऑक्साइड कमी पडलं म्हणून ब्रिटिश गाड्या मधली दोन-तीन वर्षं तपकिरी होत्या. लोकांना वाटतं मिलिटरी म्हणजे हिरवा, पण १९४३ च्या गाडीला हिरवा दिला तर तो चुकीचा. मळका ऑलिव्ह म्हणजे एससीसी १५, एप्रिल १९४४ पासून आला, कारण अमेरिकेतून येणाऱ्या गाड्या त्याच छटेच्या जवळ होत्या, त्यांना परत रंगवत बसायला नको. गडद हिरवा युद्धानंतरचा, डीप ब्राँझ ग्रीन. म्हणजे तुमचा ट्रक युद्धानंतरही काही वर्षं आर्मीत होता, लगेच विकला नाही.

तपकिरीवर छताच्या आणि बॉनेटच्या वरच्या भागात काळे गोल गोल पट्टे सापडतात का बघा. मिकी माउसचे कान म्हणायचे त्या डिझाइनला, खरंच.

खटपट्या_लुटन

बॉनेटवर काळा आहे! मला वाटलं ग्रीस आहे, पुसणार होतो.

अजून एक विचारायचंय. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला डिफरेन्शियलचा गोळा चक्क पांढरा रंगवलेला निघाला, चिखल खरवडल्यावर. हे कुणी केलं असेल, गॅरेजवाल्याने?

वर्कशॉपकाका

नाही रे, आर्मीनेच. ब्लॅकआउटमध्ये कॉन्व्हॉय चालायचा तेव्हा मागचे दिवे बंद. चॅसिसखाली एक बारका दिवा असायचा, तो फक्त त्या पांढऱ्या गोळ्यावर पडायचा. मागच्या ड्रायव्हरला तेवढा पांढरा ठिपका दिसायचा आणि वरून विमानाला काही नाही. तो ठिपका धरून रात्रभर चालवायचं. त्या दिव्याचं ब्रॅकेट शोध, क्रॉसमेंबरला (चॅसिसची आडवी पट्टी) असेल, दिवा नसला तरी भोकं असतील.

शेवटची_एसटी

काका हे माहीत नव्हतं. जबरी.

अभियंता_बदलापूर

एक शंका. पाने कुठले वापरताय? माझ्याकडे एक जुनं ब्रिटिश लेथ आहे त्याला मेट्रिक पण बसत नाही आणि इंची पण नाही.

खटपट्या_लुटन

व्हिटवर्थ आणि बीएसएफ, म्हणजे आट्यांची जुनी ब्रिटिश मापं. जुन्या ब्रिटिश मशीनरीत तेच. पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही, म्हणून अर्ध्या इंचाचा पाना बघितला तर तोंड भलतंच मोठं दिसतं. त्यात युद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थ बोल्टची डोकी एक साइज लहान केली, त्यामुळे पान्यावर दोन दोन आकडे सापडतात. आटे ५५ अंशाचे, इंची आणि मेट्रिकचे ६०, जबरदस्तीने भलता नट चढवला तर चढतो आणि मग कायमचा बसतो. जुन्या बाजारात पाने किलोवर मिळतात, तिथून घ्या. ट्रकवर तर मागच्या मालकांनी हाताला येईल ते लावलंय, प्रत्येक बोल्टला आधी गेज लावून बघतो.

पेट्रोलपंपावरचा_पंप्या

पेट्रोल कुठलं घालणार? इथेनॉलवाल्याने सगळं खराब होतं ना? आमच्याकडे रोज त्यावरून भांडणं.

खटपट्या_लुटन

इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. सुपरमध्ये ई५ मिळतं, तेच घालणार. जुना रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कॉर्कची गॅस्केट हे सगळं इथेनॉल खातं, म्हणून पाइप आणि डायफ्रॅम नवीन प्रकारच्या रबराचे टाकतोय. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, गाडी हिवाळाभर उभी राहिली तर टाकीत गंज. ऑक्टेनची चिंता नाही, युद्धातल्या भिकार पेट्रोलवर चालायला बनलेलं इंजिन आहे, कॉम्प्रेशन कमी. गॅलनला दहा-बारा मैल देईल, त्यावर कृपया काही बोलू नका, घरी सांगितलेलं नाही.

कायदेपंडित_लंडन

कागदपत्रांचं काय केलंत? नोंदणी आहे का?

खटपट्या_लुटन

विकणाऱ्या कुटुंबाकडे बिस्किटाच्या डब्यात जुनं पिवळट लॉगबुक निघालं. पूर्वी प्रत्येक काउंटीकडे हाताने लिहिलेल्या नोंदी असायच्या, सगळं कॉम्प्युटरवर आणलं तेव्हा ज्यांनी गाडी नोंदवली नाही त्यांचा नंबर सिस्टिममधून गेला. माझा तसाच. व्ही७६५ फॉर्म, लॉगबुक आणि क्लबचं पत्र जोडून मूळ नंबर परत मागता येतो, तो अर्ज पाठवलाय. ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य आणि २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी पण सक्तीची नाही, अट इतकीच की गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल केलेला नसावा. क्रेन पन्नासच्या दशकातली, त्यामुळे ती बाधत नाही. एमओटी मी करून घेणारच आहे, दुसऱ्या कुणीतरी ब्रेक बघितलेले बरे. वजन साडेतीन टनाच्या आत त्यामुळे साधं कार लायसन्स चालतं.

कायदेपंडित_लंडन

बरोबर. विमा आधी काढा, अर्धवट गाडीचाही निघतो.

खाकी_वेडा

आता मुख्य मुद्द्यावर या. क्रेन काढा. मिलिटरी ट्रक म्हणून घेतलाय तर मिलिटरीच दिसला पाहिजे. एमडब्ल्यूची लाकडी बॉडी, त्यावर कमानी आणि ताडपत्री, तपकिरीवर काळे कान, बॉनेटवर तो पिवळट-हिरवा गॅस ओळखणारा पट्टा (मोहरी वायू पडला की रंग बदलायचा), झेड नंबर. शोमध्ये उभा केला की लोक वळून बघतील. क्रेनवाला निळा ट्रक कोण बघणार? डंकर्कला फ्रान्समधून माघार घेताना ब्रिटिशांनी ६० हजाराच्या वर गाड्या सोडल्या, त्यात एमडब्ल्यू पण होते, जर्मनांनी ते उचलून वापरले. एवढा मोठा इतिहास आणि तुम्ही गॅरेज गॅरेज काय करताय.

शेवटची_एसटी

असहमत. डंकर्क १९४० चं, हा ट्रक १९४३ चा, तो तिथे नव्हताच.

खाकी_वेडा

अहो मुद्दा समजून घ्या ना.

नगरी_भेळ

क्रेन ठेवा. ती नऊ वर्षांची मालकीण ऐकणार आहे का?

अभियंता_बदलापूर

मधला मार्ग. क्रेन बोल्टवर असेल तर काढून ठेवा, बॉडी बनवा, वाटलं तर परत चढवा.

खटपट्या_लुटन

यावर मी खूप विचार केला आणि ठरवलंय, खाकीभाऊ रागावू नका.

ट्रकखाली झोपून बॅटरी मारून नीट बघितलं. क्रेन बसवताना गॅरेजवाल्याने चॅसिसचा मागचा भाग छाटलाय, दोन्ही बाजूंना जाड चॅनेल रिव्हेट केलंय, मागच्या स्प्रिंगला दोन पानं जास्त घातलीत. रिव्हेट इतके सुबक आहेत की कुणातरी जुन्या लोहाराचं काम असणार, एकाचंही डोकं तिरकं नाही. मिलिटरी करायचा तर ते सगळं कापावं लागेल, नवीन चॅसिसचा तुकडा जोडायचा, त्यावर नवीन लाकडाची बॉडी, नवीन कमानी, नवीन ताडपत्री. म्हणजे केबिनच्या मागे एकही वस्तू १९४३ ची नसेल आणि खऱ्या वस्तू, क्रेन, चॅनेल, रिव्हेट, भंगारात. तसे नवीन बॉडीचे सुंदर एमडब्ल्यू इथे शोमध्ये ओळीने उभे असतात, मला आवडतात पण, पण क्रेनवाले फार कमी उरलेत कारण लोक क्रेन फेकून देण्यासाठीच ते विकत घेतात. आर्मीत हा जास्तीत जास्त दहा-बारा वर्षं होता, लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या त्याने त्याच्या दुप्पट वर्षं ओढल्या.

तर क्रेन राहणार. बाहेरून गॅरेजचा निळा, पण नवीन नाही, आहे तोच साफ करून, जिथे पत्रा बदललाय तिथेच छटा जुळवून. बॉनेटच्या डाव्या बाजूची झेडची खिडकी तशीच उघडी ठेवून वर क्लिअर कोट. डिफरेन्शियलचा गोळा पांढरा. दिव्याची भोकं सापडली काका, क्रॉसमेंबरलाच.

खाकी_वेडा

तुमचा ट्रक, तुमचा निर्णय. पण पाप आहे हे.

स्वाती_यॉर्क

मला पटलं. क्लिअर कोटऐवजी मेणाचा विचार करा, नंतर काढता येतं. क्लिअर कोट पिवळा पडला की खालच्या रंगासकट घासावा लागतो.

खटपट्या_लुटन

मेण, नक्की. तसंच करतो.

वर्कशॉपकाका

क्रेन ठेवतोयस ते ठीक, पण त्या साखळीला आणि हुकला काही उचलायला लावू नकोस, शोभेला राहू दे. पोरीला हँडल फिरवू दे, पण रिकामं, आणि हुकाखाली उभं राहू देऊ नको.

आणि गिअरबॉक्स. यात सिंक्रोमेश (गिअर आपोआप जुळवणारी सोय) नाही, क्रॅश बॉक्स आहे, डबल क्लच शिकावं लागेल. वर जाताना क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, किंचित थांब, परत दाब, गिअर टाक. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरला एक झटका द्यायचा, मग क्लच दाबून टाकायचा. झटका किती ते कानाने कळतं, पुस्तकात नाही. जुने एसटी आणि ट्रक ड्रायव्हर घाटात विडी ओढत करायचे. तू आधी रिकाम्या मैदानात कर. आणि त्यात तेल भरताना जीएल-५ दर्जाचं घालू नकोस, आतल्या पितळी बुशना ते खातं. जीएल-४ किंवा त्याखालचं.

शेवटची_एसटी

काका, तुम्ही स्वतंत्र लेख लिहा हो. खरंच.

कोकणातला_बगळा

+१. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

वर्कशॉपकाका

टायपिंग जमत नाही, हे नातू टाइप करतोय.

नगरी_भेळ

नातवाला पण सलाम.

खटपट्या_लुटन

काका, तेलाचं लिहून ठेवलं. पुढचा नंबर ब्रेकचा. हायड्रॉलिक आहेत, सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारी सोय) नाही, सगळं पायावर. चारही व्हील सिलिंडर खोलले, दोन पिटिंग होऊन गेलेत, त्यात स्टेनलेसचे स्लीव्ह बसवून घेतोय. आता प्रश्न फ्लुइडचा. एक गट म्हणतो डॉट ५ सिलिकॉन घाल, पाणी ओढत नाही, उभ्या गाडीला उत्तम, रंगावर सांडलं तरी रंग जात नाही. दुसरा म्हणतो पेडल स्पंजासारखं लागतं आणि हवा काढताना रडवतं, डॉट ४ घाल आणि दर दोन वर्षांनी बदल. माझे सगळे सील आणि पाइप नवीनच आहेत त्यामुळे जुन्या तेलात मिसळण्याचा प्रश्न नाही. माझा कल डॉट ५ कडे.

हा धागा फार लांबला, ब्रेकसाठी वेगळा काढतो. युरोपात कुणाकडे ९.०० बाय १६ चे बार ग्रिप नक्षीचे चांगले टायर पडून असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चार हवेत, स्टेपनी मिळाली तर पाच.

पेट्रोलपंपावरचा_पंप्या

डॉट ४. सिलिकॉनच्या नादी लागू नका, नवीन धाग्यात भांडतो.